चंद्राला एवढे खड्डे, मग मुख चंद्रासारखं कसं?

चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं तो दिवस २३ ऑगस्ट २०२३. त्या आठवड्यात आमच्या घरी एक वाद सुरू झाला, तो अजून मिटलेला नाही. पुतणी तेव्हा नववीत होती. गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या बाजूला, शाळा मराठी माध्यमाची. अलंकाराचा धडा काढून ती 'तिचे मुख चंद्रासारखे सुंदर आहे' हे वाक्य घोकत बसली होती आणि समोर टीव्हीवर चंद्राचा जवळून घेतलेला फोटो होता. राखाडी, खरबरीत, जिकडंतिकडं खड्डे. तिनं एकदा टीव्हीकडं बघितलं, एकदा वहीकडं. म्हणाली, "काका, चंद्र असला खड्ड्याखड्ड्यांचा. मग असलं तोंड कुणाला पाहिजे हो?"

घरात सगळे हसले. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. लग्नातल्या उखाण्यात, लावणीत, सिनेमाच्या गाण्यात, कुणी कुणाला चोरून लिहिलेल्या चिठ्ठीत, जिथं तिथं ती किंवा तो कधी चंद्र असतो, कधी कमळ, कधी मोगरा. आपण हे ऐकतो, वापरतो, आणि हे नेमकं चालतं कसं हे कुणी विचारलं की गप्प बसतो. पुतणीला त्या दिवशी जे धड सांगता आलं नाही, ते इथं सांगून बघतो.

## वाटीभर साखर

व्याकरणाच्या पुस्तकात या तुलनेचे चार भाग सांगितलेत. जिचं वर्णन चाललंय ते उपमेय, इथं मुख. ज्याच्याशी तुलना केली ते उपमान, इथं चंद्र. दोघांत सारखा असलेला गुण म्हणजे साधारण धर्म. आणि 'सारखं', 'जसं', 'जणू' हे जोडणारे शब्द ते साम्यवाचक. आमच्याकडं त्यासाठी 'गत' म्हणतात, लोण्यागत, शेवरीच्या कापसागत. ही नावं एवढ्यापुरतीच. पुढं मी फक्त 'गुण' म्हणणार आहे, कारण सगळी गंमत त्या तिसऱ्या भागात आहे.

शेजारणीकडून तुम्ही वाटीभर साखर उसनी आणली, तर तिचं अख्खं घर उचलून आणलं असं कुणी म्हणत नाही. तिच्या घराचं छप्पर गळतं की नाही, याचा तुमच्या चहाशी संबंध नसतो. तुलनाही अशीच उसनवारी असते. कवी चंद्राकडून एक वाटी आणतो. त्या वाटीत शीतलपणा असतो, दिवसभराच्या उन्हानंतर डोळ्यांना मिळणारा गारवा असतो, आणि अंधारात सगळ्यांच्या माना आपोआप त्या बाजूला वळतात ते वळणं असतं. खड्डे, धूळ, दगड हे शेजारणीच्या घरातच राहतात.

शिवाय कवीनं बघितलेला चंद्र अंगणातून बघितलेला आहे. यानाच्या कॅमेऱ्यातला नव्हे. आणि डाग तर अंगणातूनही दिसतात. आपल्या जुन्या कवींना ते दिसत नव्हते असं कुणी समजू नये. चंद्राची नावंच बघा. शशांक, म्हणजे ज्याच्या अंगावर सशाची खूण आहे तो. मृगांक, म्हणजे हरणाची खूण असलेला. डाग धरूनच त्याला नाव ठेवलं. कालिदासाच्या शाकुंतलात तर दुष्यंत सरळ डागाच्याच बाजूनं बोलतो. वल्कलं नेसलेली शकुंतला त्याला दिसते आणि तो म्हणतो, शेवाळात गुंतलेलं कमळही देखणंच दिसतं, आणि चंद्रावरचा डाग मळका असला तरी त्याची शोभा वाढवतोच. म्हणजे पुतणीची हरकत कवींनी आधीच ऐकली होती आणि ती पोटात घालून पुढं गेले होते.

## तोंडल्याची गोष्ट

एखादी जुनी तुलना हास्यास्पद वाटली, की बहुतेक वेळा आपण चुकीची वाटी उचललेली असते.

मेघदूतातला यक्ष आपल्या बायकोचं वर्णन करताना तिचा ओठ पिकलेल्या बिंबफळासारखा म्हणतो. 'बिंबाधर' हा शब्द पुढं नाटकांच्या पदांत वगैरे इतका फिरला, की बिंब म्हणजे काहीतरी दैवी फळ असावं असं वाटतं. ते आहे तोंडलं. होय, मसालेभातात घालतो तेच. आपण तोंडलं हिरवं असतानाच तोडतो, कोवळं हवं म्हणून. म्हणून 'तोंडल्यासारखे ओठ' म्हटलं तर कुठल्याही बाईला राग येईल. पण परड्यात एखादं तोंडलं पानाआड राहून जातं, पिकतं, आणि एक दिवस कुंपणावर लालभडक, तुकतुकीत, आत रस भरलेलं लोंबताना दिसतं. कवीनं ते बघितलं होतं. आपण स्वयंपाकघरातलं बघतो. दोष फळाचाही नाही आणि ओठाचाही नाही.

मृगनयनीचंही तसंच. हरणाचे डोळे माणसाच्या चेहऱ्यावर कल्पून बघा, भीतीच वाटेल. उसना घेतलेला गुण आकाराचा नाहीच. चाहूल लागल्यावर हरीण मान वळवून जी एक झरकन नजर टाकतं, ती नजर उसनी आहे. मीनाक्षी म्हणजे माशासारखे डोळे, तिथंही पाण्यातली सुळकन होणारी हालचाल. गजगामिनीत हत्तीची घाई नसलेली, तोल सांभाळणारी चाल. (खानापूर-चंदगडच्या बाजूला ज्यांच्या भातात नि उसात हत्ती शिरलेत, त्यांना ही उपमा गोड वाटणार नाही, हे मान्य. गुण कुठला घ्यायचा हे ऐकणाऱ्याच्या अनुभवावरही असतं.)

माझी सगळ्यात आवडती मात्र आपल्याकडची नाही. बायबलच्या जुन्या करारात 'गीतरत्न' नावाचं प्रेमकाव्य आहे. त्यात प्रियकर म्हणतो, तुझे केस गिलाद डोंगरावरून उतरणाऱ्या शेरडांच्या कळपासारखे आहेत, आणि दात नुकत्याच कातरून, धुऊन वर आलेल्या मेंढ्यांसारखे, ज्यांतल्या प्रत्येकीला जुळं आहे. शहरातला माणूस इथं हसतो. पण गोकाक-रायबागकडच्या माळावर संध्याकाळी उतारावरून खाली येणारी काळी शेरडं ज्यानं बघितली आहेत, त्याला ती काळी लाट दिसते. एक सरळ रेघ नाही, सगळी मिळून वळत, हलत, खाली घरंगळणारी लाट. केस मोकळे सोडल्यावर तसेच पडतात. आणि जुळ्या मेंढ्या? वरच्या दाताला खालचा दात जोडीला आहे, मध्ये एकही पडलेला नाही. त्या काळात पूर्ण बत्तिशी शाबूत असणं ही साधी गोष्ट नसावी.

## पाहुणा ते घरजावई

पुस्तकात एवढे अलंकार का, असा पोरांचा नेहमीचा वैताग असतो. खरं तर ही एकाच नात्याची चढती पायरी आहे.

'मुख चंद्रासारखं' म्हटलं, की चंद्र पाहुणा म्हणून ओट्यावर बसला. ही उपमा. 'मुख जणू चंद्रच' म्हटलं, की चहा घेता घेता तो सोप्यात आला. ही उत्प्रेक्षा. 'मुखचंद्र' म्हटलं की घरजावईच झाला, आता दोघांना वेगळं काढता येत नाही. हे रूपक. 'हे मुख नव्हेच, हा चंद्र आहे' म्हटलं, की घरच्या माणसालाच बाहेर काढून पाहुणा मालक झाला. ही अपह्नुती. आणि मग वारं फिरतं. 'चंद्राला डाग आहे, तिला नाही' असं म्हणून पाहुण्याला कमीपणा दिला, की तो व्यतिरेक. शेवटी 'तिच्यासारखी तीच' म्हणत कुणालाच दार उघडलं नाही, की अनन्वय.

माझ्या पुतणीनं खड्ड्यांचा मुद्दा काढला तेव्हा नकळत ती व्यतिरेकाच्या पायरीवर उभी होती. तिला तसं सांगितलं तर म्हणाली, "मग मार्क द्या की."

या विषयाला आमच्या मातीत जुनं मूळ आहे, हे इथले मराठी लोक सहसा ध्यानात घेत नाहीत. कन्नडमधला उपलब्ध असलेला सगळ्यात जुना ग्रंथ 'कविराजमार्ग', नवव्या शतकातला, राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष नृपतुंगाच्या दरबारातला. तो कथा नाही की स्तोत्र नाही, कविता कशी करावी हे सांगणारा अलंकारग्रंथ आहे, आणि दंडीच्या संस्कृत 'काव्यादर्शा'चा आधार घेऊन उभा आहे. कन्नड भाषेचा अस्सल प्रदेश कुठला हे सांगताना तो चार ठिकाणांची नावं घेतो, त्यातलं एक ओंकुंद, म्हणजे आपल्या बैलहोंगल तालुक्यातलं वक्कुंद. त्याच ग्रंथात कन्नड देश कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितला आहे. या ओळीवरून आजही कुणीतरी कुणाशी तरी भांडेल. मला तिच्यात एवढंच दिसतं, की आमच्या पायाखालच्या मातीत उपमेचा हिशेब अकराशे वर्षांहून जास्त काळ चालू आहे. फुलांची नावं तेवढी दोन दोन आहेत. आम्ही मोगरा-जाई म्हणतो, शेजारी मल्लिगे म्हणतो. आमचा सोनचाफा म्हणजे त्यांची संपिगे, आमचा केवडा म्हणजे त्यांची केदिगे. बाजारात गजरा एकच.

## पण निसर्गच का?

सोपं उत्तर असं, की कवीच्या समोर तेच होतं. कमळ, मोर, नदी, ढग हे सगळ्यांनी बघितलेले असतात. ऐकणाऱ्याला जे माहीत नाही त्याची उपमा देऊन उपयोग नसतो. फार्सी कवी उंच, सडपातळ प्रेयसीला सरूचं झाड म्हणतो आणि डोळ्यांना नर्गिसचं फूल, कारण त्याच्या बागेत ते आहे. आपला कवी कर्दळी म्हणतो, चाफेकळी म्हणतो.

पण एवढ्यानं भागत नाही. माझं म्हणणं जरा वेगळं आहे, आणि या सगळ्या लेखात मला सांगायचं आहे ते हेच. प्रेमकवितेतली तुलना समोरच्या चेहऱ्याचा फोटो नसतेच. बघणाऱ्याची नजर कुठं कुठं भटकली त्याचा तो माग असतो. आणि नजर सगळ्यात जास्त कधी भटकते? चेहरा समोर नसतो तेव्हा.

मेघदूत हीच गोष्ट आहे. यक्षाला वर्षभराची शिक्षा झाली आहे, बायको दूर अलकानगरीत, आणि तो रामगिरीवर एकटा. आषाढाचा ढग बघून तो त्याच्याकडं निरोप देतो. त्या निरोपात एक जागा आहे. तो म्हणतो, तुझं अंग मला प्रियंगूच्या वेलीत दिसतं, तुझी नजर भेदरलेल्या हरिणीत, मुखाची कांती चंद्रात, केस मोराच्या पिसाऱ्यात, भुवयांचा खेळ नदीच्या बारीक लाटांत. आणि मग एकदम खचतो. अरेरे, सगळी तू एका ठिकाणी कुठंच नाहीस.

शाळेत ही यादी आपण सौंदर्याची यादी म्हणून वाचतो. ती हरवलेल्या माणसाची शोधाशोध आहे. घरातलं माणूस गेल्यावर आपल्याला बाजारात कुणाच्यातरी पाठमोऱ्या चालीत ते दिसतं, दुसऱ्याच कुणाच्यातरी खोकल्यात ऐकू येतं, तशी. यक्षाला ती तुकड्या-तुकड्यांत सापडते, कारण ती अख्खी जवळ नाही. बायको शेजारी बसली असती तर तो मोराकडं कशाला बघत बसला असता?

ज्ञानेश्वरांच्या विरहिणीही अशाच. तिथं प्रिय म्हणजे देव, पण भाषा प्रेमाचीच. एक विरहिणी कोकणाऱ्या कावळ्याला म्हणते, पंढरीराऊ कधी येणार ते सांग, तुझे पाय सोन्यानं मढवीन, दहीभाताची उंडी तुझ्या तोंडाशी लावीन. कावळा! सौंदर्याच्या कुठल्याच यादीत न बसणारा पक्षी. पण वाट बघणाऱ्या बाईला मोरापेक्षा तो जवळचा, कारण तो निरोप आणतो. दुसऱ्या विरहिणीत ढग वाजतो, वारा रुणझुणतो, पण कान्ह्यावाचून चांदणं, चाफा, चंदन काहीच गोड लागत नाही, उलट चंदनाची चोळी अंग पोळते. इथं थांबून बघण्यासारखं आहे. चंदनाचा गुण गार. तोच चंदन इथं भाजतो. म्हणजे गुण वस्तूत पक्का चिकटलेला नसतो, बघणाऱ्याच्या मनाप्रमाणं तो पलटतो. चंद्राच्या खड्ड्यांचा वाद खरं तर इथंच संपायला हवा.

कन्नडमध्ये बाराव्या शतकात अक्कमहादेवी ही शिवभक्त कवयित्री आपल्या चन्नमल्लिकार्जुनाला, म्हणजे शिवाला, शोधत निघते. त्याच्या नावातच मल्लिका आहे, मोगऱ्याचं फूल. एका वचनात ती भुंग्यांच्या थव्याला, आंब्याच्या झाडाला, चांदण्याला, कोकिळेला विनवते, माझा स्वामी दिसला तर मला हाक मारून दाखवा. यातल्या एकाही वस्तूशी ती त्याची तुलना करत नाही. त्यांना साक्षीला बोलावते.

आणि मग आमच्या बेळगावच्या इंदिरा संत. आयुष्याचा मोठा काळ त्या इथंच राहिल्या. १९४६ मध्ये पती ना. मा. संत गेले, आणि १९५१ मध्ये 'शेला' आला. 'नको नको रे पावसा' ही त्यांची कविता अनेकांना पाठ आहे. तीत त्या पावसाला अवेळी धिंगाणा घालू नको म्हणतात, कारण घर चंद्रमौळी आहे आणि दारात सायली आहे. बेळगावचा पाऊस ज्यांनी अंगावर घेतला आहे त्यांना ही विनवणी शब्दाशब्दानं कळते. जून संपत आला की इथं पाऊस बसतो तो उठायचं नाव घेत नाही, कपडे आठवडाभर वाळत नाहीत. तो पाऊस इथं कुणाच्या केसांची उपमा म्हणून आलेला नाही. घरात एकट्या असलेल्या बाईशी बोलायला आलाय, आणि बाई त्याला दटावते आहे, समजावते आहे. त्यांच्या प्रेमकवितेत निसर्ग असा सारखा येतो. नसलेल्या माणसाच्या जागी तो उभा असतो.

## जिल्ह्याचा प्रेमनकाशा

तमिळ संगम कवींनी तर याचा नकाशाच करून ठेवला, दोन हजार वर्षांमागं. त्यांनी प्रेमाच्या पाच अवस्था पाच भूभागांना वाटून दिल्या. या भूभागाला ते 'तिणै' म्हणतात. डोंगर म्हणजे मीलन. रान म्हणजे धीरानं वाट बघणं. पिकाचं ओलं शेत म्हणजे नवऱ्याचा बाहेरख्यालीपणा आणि बायकोचा रुसवा. समुद्रकाठ म्हणजे झुरणं. कोरडं, तापलेलं माळरान म्हणजे ताटातूट. प्रत्येक भूभागाचं फूल ठरलेलं. डोंगराचं फूल कुरिंजी, आपल्या सह्याद्रीतल्या कारवीची बहीण, तीही वर्षानुवर्षं थांबून एकदम फुलणारी.

सोय अशी, की कवीला 'ते भेटले' असं म्हणावंच लागत नाही. डोंगर आणि धबधबा आला, की ऐकणाऱ्याला कळतं.

एक दिवस मी हा नकाशा आमच्या जिल्ह्यावर ठेवून बघितला. कणकुंबी, जिथं मलप्रभा उगम पावते, तिथला घाटमाथा आणि भीमगडचं जंगल हे मीलनाचं. खानापूरची विरळ होत जाणारी रानं वाट बघण्याची. चिकोडी-निपाणीचा ओला पट्टा, ऊस आणि तंबाखू, तिथं रुसवेफुगवे. अथणीकडचा कोरडवाहू भाग ताटातुटीचा. समुद्र तेवढा नाही आमच्याकडं, झुरायचं असेल तर चोर्ला घाट उतरून गोव्यात जायचं. हा माझा खेळ आहे, त्याला शास्त्र समजू नका. पण त्यानंतर बसमधून जाताना एवढं लक्षात आलं, की माती तांबडी होती ती काळी झाली की गाण्यातला माणूसही बदलतो. लावणी या शब्दाची एक व्युत्पत्ती लावण्यापासून सांगतात आणि दुसरी शेतातल्या लावणीपासून. वाद अजून चालू आहे. भाताची रोपं चिखलात रोवणाऱ्या बायकांचं गाणं ज्यानं ऐकलंय, त्याला दोन्ही एकदम खरं वाटतं.

## 'हे सगळं खोटंच ना?'

हो, पण फसवणूक नाही. 'जणू' हा शब्द म्हणजे आधीच दिलेली कबुली आहे. चकोर चांदणं पिऊन जगतो, हंस दुधातून पाणी वेगळं काढतो, सुंदरीनं लाथ मारली की अशोक फुलतो, हे खरं नाही हे कवींनाही माहीत होतं. असल्या ठरलेल्या समजुतींना त्यांनी 'कविसमय' असं नावच देऊन टाकलं होतं. लग्नात नवरदेवाला राजा म्हणतात म्हणून कुणी त्याच्याकडं सातबारा मागत नाही.

इंग्रजीत शेक्सपिअरनं १६०९ मध्ये छापल्या गेलेल्या एका सुनीतात ही सगळी यादी उलटी केली. माझ्या प्रियेचे डोळे सूर्यासारखे मुळीच नाहीत, पोवळं तिच्या ओठांपेक्षा कितीतरी लाल, डोक्यावर काळ्या तारा उगवल्यात. आणि शेवटी म्हणतो, तरी खोट्या तुलनांनी नटवलेल्या कुणाहीपेक्षा ती कमी नाही. पण त्यालाही नाही म्हणण्यासाठी सूर्य आणि पोवळं लागलंच.

## 'बाईची वस्तू करून टाकतात, त्याचं काय?'

ही हरकत सगळ्यात वजनदार आहे, आणि ती झटकून टाकता येत नाही. पायाच्या नखापासून शेंडीपर्यंत एकेक अवयव घेऊन त्याला एकेक फळफूल चिकटवत जायचं, अशी वर्णनं आपल्याकडं ढिगानं आहेत. वाचताना भाजी मंडईत फिरल्यासारखं वाटतं. असल्या कवितेत बाई बघत नाही, बोलत नाही, तिला फक्त बघितलं जातं. तिच्या जागी दुसरी ठेवली तरी ओळ बदलावी लागत नाही. ही वाईट कविता आहे आणि वाईट का आहे तेही आता कळेल. तिच्यात बघणाऱ्याची काही ओढ नाही, नुसती उसनवारीची यादी आहे.

पण बाईच्या नजरेतूनही निसर्ग बघितला गेलाय, आणि आपल्याच घरात. हाल सातवाहनाच्या नावानं ओळखली जाणारी 'गाथा सप्तशती' महाराष्ट्री प्राकृतात आहे, म्हणजे आपल्या मराठीच्या आजीच्या भाषेत. सातशेच्या आसपास दोन-दोन ओळींच्या गाथा, आणि त्यातल्या कितीतरी बायकांच्या तोंडच्या. एक फार प्रसिद्ध आहे. बाई म्हणते, बघ, कमळाच्या पानावर बगळी कशी निश्चल बसली आहे, जणू पाचूच्या ताटात ठेवलेला शंख. बस, एवढंच. यात कुणाचं मुख नाही, ओठ नाही. पण अलंकारशास्त्रवाल्यांनी यातला निरोप ओळखला. बगळी निर्धास्त बसली आहे, म्हणजे इथं माणसाची वर्दळ नाही, म्हणजे आपण इथं भेटू शकतो. निसर्गाकडं बघून बाईनं बेत ठरवला. मराठी शिकवणाऱ्या प्रत्येकानं 'मुख चंद्रासारखे' सांगण्याआधी ही गाथा सांगावी, असं माझं मत आहे. वरून परवानगी मिळणार नाही ती गोष्ट वेगळी.

कुसुमाग्रजांनी तर पृथ्वीलाच बोलतं केलं. 'विशाखा'तल्या 'पृथ्वीचे प्रेमगीत' या कवितेत ती सूर्यासाठी झुरते, मंगळ, धूमकेतू वगैरे आर्जवं करणाऱ्यांना नाकारते आणि म्हणते, ते दिव्य तेज बघितल्यावर काजव्यांना कसं जवळ करू. तुलना इथंही आहेच, पण ती करणारी ती आहे आणि निवडणारीही तीच.

चंद्रमुखीच्या आडून गोरेपणाचा हट्ट चालतो, हेही खरं. लग्नाच्या जाहिरातीत तो उघडच असतो. त्यावर एवढंच म्हणता येईल, की परंपरेत नुसता चंद्र नव्हता. कृष्ण ढगासारखा आहे, विठोबा सावळा आहे. यक्षाच्या बायकोलाही कालिदासानं 'श्यामा' म्हटलंय. मल्लिनाथ नावाच्या टीकाकारानं त्याचा अर्थ 'तरुणी' असा लावला. त्याला 'सावळी' का चालली नाही, कोण जाणे. काळ्या रानाच्या, जांभळांच्या मुलखात राहून उपमा मात्र दुधाच्याच द्यायच्या, हा आपला करंटेपणा आहे. उपमेचा त्यात दोष नाही.

## 'आता हे शिळं झालंय'

चंद्र, कमळ, मोगरा शिळे झालेत, कारण ते बघितल्यावाचून वापरले जातात. 'डोंगराचा पायथा', 'सुईचं नाक' या एकेकाळच्या तुलनाच होत्या, वापरून वापरून गुळगुळीत झाल्या आणि साधे शब्द बनल्या. चंद्रमुखीचं तेच झालं. उपाय नवी वस्तू शोधण्यात नाही, पुन्हा एकदा बघण्यात आहे. ना. धों. महानोरांच्या 'रानातल्या कविता' १९६७ मध्ये आल्या तेव्हा त्यात जोंधळा होता, पाऊस होता, सगळं जुनंच. पण माणूस शेतात उभा राहून लिहीत होता.

परवा सुट्टीत पुतणी, मी आणि आमचे मामा-मामी गावी जेवून ओट्यावर बसलो होतो. मामांचं वय ऐंशीच्या पुढं, जन्म भातशेतीत गेला. पुतणीनं आपला जुना वाद उकरला आणि मामांना विचारलं, मामी पहिल्यांदा बघितली तेव्हा कशी दिसली? मामा बराच वेळ समोरच्या मळ्याकडं बघत राहिले.

"पहिला पाऊस पडून गेल्यावर शेत दिसतंय की गं," ते म्हणाले, "तशी."

मामी पानाला चुना लावत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "म्हंजे चिखलच की."